मोराची मान आणि तीनशे शब्द : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी संपली, फराळ संपला, आणि पाच खणांचा मिठाईचा एक रिकामा डबा हाताशी आला. प्रकल्पाची सुरुवात खरं तर त्या डब्यापासूनच.

काम असं : साठ दिवस, रोज पाच, एकूण तीनशे इंग्रजी शब्द. तेही चारचौघांत न ऐकू येणारे. भाची बारावीला आहे, माझ्याकडे राहून शिकते. तिला वर्गातल्या मुलींवर छाप पाडायची आहे, हे तिनं स्वतःच कबूल केलं. माझं कारण वेगळं. मी सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं करते. एकोणीस वर्षं रोज इंग्रजीत पत्रव्यवहार, आणि सगळा संसार दोनेकशे शब्दांत : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, काइंडली, अर्जंट, डिले, रिग्रेट. एवढ्यावर कंटेनरच्या कंटेनर रवाना झाले, त्यामुळे अडलंय असं काही नाही. हौस आहे, बस.

साहित्य : जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्रणेचे, जुने पुठ्ठे. आमच्याकडे पूर्वी चादरी व्हायच्या. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं तेव्हापासून हे भोकाभोकांचे लांब पुठ्ठे गोदामात धूळ खात होते. परवा रद्दीत निघाले, त्यातला एक गठ्ठा मी मागून घेतला. एका पुठ्ठ्याचे मधोमध दोन तुकडे केले की शब्दाचं कार्ड तयार. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. भोकं चुकवत लिहावं लागतं, पण दिसतं झकास.

पद्धत : जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली. नवं कार्ड पहिल्या खणात. अर्थ बरोबर आला की कार्ड पुढच्या खणात जातं, चुकला की कितव्याही खणातलं असो, थेट पहिल्या खणात परत. सापशिडीच, फक्त शिडी एकेक पायरीची आणि साप मात्र थेट तळाला नेणारा. पहिला खण रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, पुढचे आणखी सावकाश.

शब्दांची यादी भाचीनं मोबाईलवरून उतरवली. पाचशे शब्द आहेत. बघू.

१३ नोव्हेंबर

पंधरा कार्डं झाली. सेस्क्विपिडेलियन म्हणजे दीड फूट लांबीचा, अर्थात लांबलचक शब्द वापरणारा. मूळ लॅटिन, होरेस या कवीचं. शब्द स्वतःच दीड फुटी आहे. बाकीचे चौदा आता लिहिताना आठवत नाहीत, डब्यात बघून लिहिण्यात अर्थ नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आठवडा झाला. पस्तीस कार्डं. दोघींनी एकमेकींची परीक्षा घेतली. मला सहा आले, तिला नऊ.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली विसरण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यानं काय केलं, तर काहीच अर्थ नसलेली अक्षरं जुळवली, स्वतःच पाठ केली, आणि किती वेळात किती उडून जातात ते मोजत बसला. पहिल्या काही तासांत घसरण कड्यावरून पडल्यासारखी, मग सावकाश. माझ्या पस्तीस कार्डांचं तेच झालं, कारण मोबाईलच्या यादीतले शब्द म्हणजे माझ्या लेखी एबिंगहाउसची अर्थहीन अक्षरंच होती.

पण जे उरले ते का उरले, हे बघण्यासारखं आहे. बॉर्बोरिग्मस उरला : पोटातली गुडगुड. रोज अकराच्या सुमारास, चहाच्या आधी, ऑफिसात माझ्या पोटात हा प्रकार होतोच. ॲग्लेट उरला : बुटाच्या नाडीच्या टोकाचं प्लॅस्टिक. ते तुटलं की नाडी भोकातून जात नाही, आणि सकाळी सव्वासहाला भाची ती तोंडात घालून ओली करते. डिफेनेस्ट्रेशन उरला : माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. १६१८ साली प्रागमध्ये दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला असं फेकलं, तिघंही वाचले, पण पुढे तीस वर्षं युरोपात लढाई चालली. तो लक्षात राहिला कारण भाचीच्या मोबाईलला मी रोज तीच धमकी देते. आणि अल्ट्राक्रेपिडेरियन. आपल्याला ज्यातलं कळत नाही त्यावर मत देणारा. गोष्ट अशी की अपेलीस नावाच्या ग्रीक चित्रकाराच्या चित्रातली चप्पल चुकली आहे असं एका चांभारानं सांगितलं. अपेलीसनं ती दुरुस्त केली. तेवढ्यानं चांभार चढला आणि पायाच्या पोटरीबद्दल बोलायला लागला. तेव्हा चित्रकार म्हणाला, बाबा रे, चपलेच्या वर जाऊ नकोस. आमच्या घरी जेवायला येणारे एक नातेवाईक या शब्दासाठी अगदी मापात बसतात. भाचीनं तो तिथंच चिकटवला.

पेट्रिकोर मला आधीच येत होता, म्हणून तो धरत नाही. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी घडवलेला शब्द, पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाचा. चांगला आहे, पण दर जूनमध्ये इतक्या लोकांच्या स्टेटसला दिसतो की त्याला आता दुर्मिळ म्हणवत नाही.

२० नोव्हेंबर

यादी बंद. कारण आज एक जुनी फजिती आठवली.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला होता. माल लांबला होता, आणि त्यानं लिहिलं होतं की आम्ही टेंटरहुक्सवर आहोत. मला वाटलं, पॅकिंगमध्ये कसलेतरी हूक लागतात आणि आपण ते पाठवायला विसरलो. पॅकिंगवाल्यांना विचारलं, त्यांना माहीत नाही. शेवटी फिनिशिंगच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "हूक म्हणजे स्टेंटरच्या चेनला असतात तेच की ओ. पण ते गिऱ्हाइकाला कशाला पायजेत?" ऑफिसातल्या एकानं मग डिक्शनरी उघडून दाखवली : टेंटरहुक्सवर असणं म्हणजे जीव टांगणीला लागणं. सगळे माझ्यावर हसले, मास्तरांवरही हसले.

आज दुपारी मूळ शोधलं तर मास्तरच बरोबर! टेंटर म्हणजे कापड ताणून वाळवायची चौकट. इंग्लंडात लोकरीचं कापड धुतल्यावर आटू नये, वाकडं होऊ नये म्हणून मोकळ्या मैदानात लाकडी चौकटींवर ताणून ठेवायचे, आणि कापडाच्या कडा धरायला वाकडे खिळे असायचे. ते टेंटरहुक्स. ताणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचं हे पोर. कापडाचा जो ताण, तोच माणसाच्या मनाचा, आणि अठराव्या शतकापासून इंग्रज माणूस टांगणीला लागला की तो या खिळ्यांवर लटकतो. आमच्या प्रोसेसिंगमध्ये कापड पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, ताणून गरम हवेतून नेणारं जे लांबलचक मशीन आहे, त्या स्टेंटरचं नाव याच टेंटरवरून आलेलं. कडा धरायला पिना किंवा क्लिपा, काम तेच.

म्हणजे आठ-नऊ वर्षं हा शब्द माझ्या टेबलापासून शंभर पावलांवर धडधडत होता.

नवा नियम : ज्या शब्दाची शेपटी सोलापुरात कुठेतरी हाताला लागते, तोच घ्यायचा. आकडा गेला उडत.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज पूर्व भागात मामांकडे गेलो. मामा म्हणजे माझ्या माहेरचे शेजारी, पद्मशाली विणकर, घरात तेलुगू, दारात मराठी, बाजारात कानडीही. चाळीस वर्षं मागावर काढली. घरात खाली माग आणि वर बिऱ्हाड, अशी ती जुनी घरं.

डबा दाखवावा म्हणून नेला होता. मामांनी एक कार्ड उचललं, पालथं केलं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काय करलालीस हे, पोरी? डिझाइन कापलीस की."

मी म्हटलं, मामा, रद्दीत चालले होते. ते म्हणाले, रद्दीत जाणं वेगळं. मग सगळा गठ्ठा मागवून घेतला, कडेचे नंबर बघितले. नंबर आणि गठ्ठ्यावरची जुनी चिठ्ठी यांवरून ही मोराची चादर आहे, असं म्हणाले. मी कापलेले होते ते मधले पुठ्ठे. "मोराची मान कापलीस." हे ते हसून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

भाचीनं एक पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "आजोबा, यात मोर कुठं दिसतो?" मामांनी समजावलं ते इथं लिहून ठेवते, कारण मी एकोणीस वर्षं कापडाच्या धंद्यात असून मला ते इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. भोक असेल तिथला उभा धागा वर उठतो, भोक नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून धोटा जातो. झालं, एक बाणा पडला. मग पुढचा पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे नंबरानं दोरीत ओवले की मोर उतरतो. एकट्या पुठ्ठ्यात मोर नसतो. मोराचं काहीच नसतं.

घरी येऊन भाचीनं जुनी पस्तीस कार्डं काढली आणि प्रत्येकाच्या मागं अर्थाखाली एकेक वाक्य लिहायला बसली. मी सांगितलं नव्हतं.

मामांकडून आणलेले शब्द, म्हणजे त्यांनी वस्तू दाखवल्या आणि मी घरी येऊन इंग्रजी पूर्वज शोधले :

लूम. याचा जुना अर्थ माग असा नव्हताच. कुठलंही अवजार म्हणजे लूम. म्हणून एअरलूम, म्हणजे वारसाला मिळालेलं अवजार, मग घरातली पिढीजात वस्तू. मामांच्या घरी वाटणीत दोन माग थोरल्याला, दोन धाकट्याला गेले, तेव्हा हा शब्द त्यांच्या घरात दोन्ही अर्थांनी खरा झाला. माग हा शब्दही गंमतीचा आहे : मराठीत माग, कानडीत मग्ग, तेलुगूत मग्गम. तीन भाषांचं शहर एकाच यंत्रावर बसलंय.

स्पिन्स्टर म्हणजे अविवाहित बाई, पण आधी नुसती सूत कातणारी. वेब्स्टर म्हणजे विणणारी, आता फक्त आडनावात उरली.

टेक्स्ट. विणणे या लॅटिन क्रियापदापासून. टेक्स्टाइल सख्खा भाऊ, कॉन्टेक्स्ट चुलत. सटलसुद्धा त्याच खानदानातला, बारीक विणीचा या अर्थानं आलेला. आणि क्लू! ही मला सगळ्यात आवडलेली. क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थीसियस चक्रव्यूहात शिरताना दाराशी सुताचं टोक बांधतो आणि गुंडा उलगडत आत जातो, परतीची वाट सापडावी म्हणून. तिथून क्लू म्हणजे गुन्ह्याचा माग. आमच्याकडच्या बातमीत पोलिसांना काय मिळतात? धागेदोरे. आणि पोलीस आरोपीचा काय काढतात? माग! (मागावरचा माग आणि पाठलागातला माग एकच की काय, यावर भाचीशी वाद झाला. मी म्हटलं वेगळे असणार, ती म्हणाली तू अल्ट्राक्रेपिडेरियन.)

सूत्र, सूत्रधार, सूत जुळणं, ताणाबाणा. ग्रंथसुद्धा बांधणे, गुंफणे या धातूवरून. हे सगळं आपल्याकडे आधीच पडलेलं होतं. इंग्रजी शब्द शोधायला गेल्यावर दिसलं.

१ डिसेंबर, रविवार

बॉम्बास्ट. फुगवलेलं, पोकळ, भारदस्त बोलणं. मुळात मात्र कापूस. सोळाव्या शतकात इंग्लंडातले पुरुष अंगरखा फुगीर दिसावा म्हणून आत कापूस कोंबायचे, त्या भरणीचं हे नाव. मग बोलण्यात जो कोंबतात त्यालाही तेच. फस्टियनचंही तसंच, आधी जाडंभरडं कापड, मग जाडंभरडं भाषण. कापसाच्या गावात राहून मला हे माहीत नसावं!

भाची लगेच म्हणाली, बॉम्बे त्यातूनच आलं असणार. मीही मान हलवली आणि कार्डावर लिहूनही टाकलं. रात्री तपासलं तर बॉम्बेचा काही संबंध नाही, बॉम्बचाही नाही. बॉम्ब आला आवाजाच्या ग्रीक शब्दावरून. बॉम्बास्टचं नातं मध्ययुगीन लॅटिनमधल्या बॉम्बॅक्सशी, म्हणजे कापसाशी. आणि बॉम्बॅक्स हे आपल्या काटेसावरीचं शास्त्रीय नाव. कार्ड खोडलं, नवं केलं.

५ डिसेंबर

या खोडाखोडीवरून नियम दोन : मूळ गोड वाटलं की दुप्पट तपासायचं. पॉश हा शब्द बोटीच्या तिकिटांवरच्या आद्याक्षरांवरून आला, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलेय. पुरावा नाही. कार्ड फाडलं.

मोठ्यांच्याही चुका होतात, याचा दिलासा : वेब्स्टरच्या १९३४च्या मोठ्या शब्दकोशात डॉर्ड नावाचा शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी वापरतात, एवढं सांगणारी चिठ्ठी होती. 'डी ऑर डी' हे शब्द समजून सलग वाचलं गेलं. १९३९ साली कुणाच्या तरी लक्षात आलं. पाच वर्षं नसलेला शब्द राज्य करत होता. भाचीनं डॉर्डचं कार्ड केलंय आणि ते पाचव्या खणात मानानं ठेवलंय.

८ डिसेंबर, रविवार

आज इथून तिकडे गेलेले. म्हणजे आपल्याच मुली सासरी जाऊन नाव बदलून आलेल्या.

मुंगूस मराठीतून इंग्रजीत मंगूस झालं. इंग्रजीतला गूस म्हणजे बदक-हंसाच्या जातीतला पक्षी, त्याचं अनेकवचन गीस. म्हणून कुणी मुंगसांना मंगीस म्हणायला जातो, ते चूक. डंगरी हे जाड कापड मुंबईच्या डोंगरीवरून. गनी बॅगमधली गनी म्हणजे आपली गोणी. सीअरसकर हे सुरकुत्या-सुरकुत्यांचं उन्हाळी कापड फारसीतल्या दूध-साखरेवरून, शीर-ओ-शकर. एक पट्टी दुधासारखी गुळगुळीत, एक साखरेसारखी खरखरीत. असल्या कापडाचं सॅम्पल आमच्याकडे आलं होतं, मी फाईलला त्याचं स्पेलिंग तीन वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलंय.

दूलाली. इंग्लंडात आजही डोकं फिरलेल्याला म्हणतात. हे आपलं नाशिकजवळचं देवळाली! तिथं इंग्रजी फौजेची छावणी. मुदत संपलेले सोल्जर घरच्या बोटीची वाट बघत तिथं महिनोन्‌महिने पडून असायचे. काम नाही, उकाडा, कंटाळा. त्यात जो भ्रमिष्टपणा यायचा तो दूलाली टॅप, आणि टॅप म्हणजे आपला ताप.

यांतल्या बऱ्याच शब्दांची वंशावळ हॉब्सन-जॉब्सन या १८८६च्या कोशात आहे, हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा. त्या नावाची तऱ्हा तर आणखी निराळी : मोहरममधला 'या हसन, या हुसैन' हा आक्रोश इंग्रज सोल्जरांच्या कानाला जसा लागला तसा. ऐकलेल्या शब्दाचं काय होतं, हे सांगणाऱ्या कोशाला याहून चपखल नाव मिळालं नसतं.

संध्याकाळी मामींना विचारलं, बँडिकूट ऐकलंय का? नाही म्हणाल्या. घूस म्हटल्यावर म्हणाल्या, "अगं ते पंदिकोक्कु. परवाच मोरीखालून पोखरलंय." पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. डुक्करउंदीर. बँडिकूट हा शब्द तेलुगूतल्या त्याच पंदिकोक्कुचा इंग्रजी अवतार. मी हे सांगितल्यावर मामी घाईघाईनं आत गेल्या आणि सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं, दोघी बराच वेळ हसत होत्या. इंग्रजांनी नेऊन नेऊन आपली घूस नेली, असं काहीतरी असणार.

१५ डिसेंबर

काही नाही. आठवडाभर शिपमेंट. कंटेनर गेला.

२२ डिसेंबर, रविवार

हिशोब. एकूण कार्डं ८४. पाचव्या खणात ६१. पहिल्या खणात नऊ हट्टी, त्यांतली आठ मोबाईलच्या यादीतली. तीनशे होणार नाहीत हे उघड आहे, आणि दोघींपैकी कुणालाही त्याचं वाईट वाटत नाहीये.

२९ डिसेंबर, रविवार

मंगळवेढ्याच्या रस्त्याला ओळखीच्यांच्या शेतात हुरड्याला गेलो. आगटीभोवती सगळे, हातावर चोळलेला गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, दही. सकाळी नऊचं ऊन पाठीवर.

ॲप्रिसिटी : हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. १६२३ साली हेन्री कॉकरम नावाच्या कोशकारानं नोंदवला, आणि नंतर तो जवळपास कुणी वापरलाच नाही. चारशे वर्षं शब्द कोशात थंडीत पडून. आपल्याकडे कोवळं ऊन म्हणतात आणि ते शेंबड्या पोरालाही कळतं. शब्द असणं आणि शब्द तोंडात असणं यांतला फरक तिथं बसल्या बसल्या पाठीला कळत होता.

दुसरा, ओव्हरमॉरो. परवा. इंग्रजांकडे सोळाव्या शतकात होता, मग त्यांनी तो टाकून दिला आणि आता 'उद्याच्या नंतरचा दिवस' असं लांबण लावतात. शेतमालकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. "मग तेरवाला काय म्हणतात?" काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी आगटीत दोन गोवऱ्या सरकवल्या आणि म्हणाले, "कसं राज्य केलं ओ यांनी."

भाचीला आता उलटी कार्डं करायची आहेत : हुरडा, आगटी, उष्टं, माहेर. इंग्रजीत एका शब्दात मावत नाहीत ते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात साहेबानं अशा शब्दांशी कशी झटापट केलीय ते बघायला लावलं. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी वाढवलेली १८५७. शिकागो विद्यापीठानं तो इंटरनेटवर फुकट ठेवलाय. ती बघायला बसली ती जेवायला हाक मारली तरी उठेना. मोबाईल असूनही डिफेनेस्ट्रेशनची धमकी द्यावी लागली नाही.

५ जानेवारी, रविवार

मामांना जॅकार्डची गोष्ट सांगितली. जोसेफ मारी जॅकार्ड, फ्रान्समधलं लिआँ शहर, एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणितयंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, हेच भोकांचे पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. १८४३ साली एडा लव्हलेसनं लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं.

मामा म्हणाले, "म्हणजे कॉम्प्युटर आमच्या घरातच होतं की. चालवायचा पगार तेवढा मागाचा दिला."

१९ जानेवारी, रविवार

सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे गेला रविवार बुडाला. होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, दोनदा जाणं झालं. पाळण्यात भाची, खाली मी. कार्डं शून्य. गॉन्गूझलर एवढा एक मिळाला, कालव्याकाठी उभं राहून बोटी नुसत्या बघत बसणारा. गड्ड्यावर आम्ही निम्मे लोक तेच करतो, फक्त कालवा नाही.

२७ जानेवारी

शब्द कामात वापरून बघायचा धीर केला. त्याच जुन्या गिऱ्हाइकाला, माल परत लांबलाय. नेहमीच्या काइंडली आणि रिग्रेटऐवजी लिहिलं की आपण जसे टेंटरहुक्सवर आहात तसेच आपले टॉवेलही या क्षणी आहेत, शब्दशः, आमच्या स्टेंटरवर, गुरुवारपर्यंत. पाठवायच्या आधी चार वेळा वाचलं. फिनिशिंगच्या मास्तरांना अर्थ सांगून दाखवलं, ते खूश झाले, म्हणाले, "तेव्हाच सांगत होतो."

उत्तर दुपारी आलं. नोटेड. सुधारित तारीख कळवा.

९ फेब्रुवारी, रविवार

भाचीची परीक्षा परवापासून, ओव्हरमॉरो. डबा बंद करून कपाटावर ठेवायचा ठरला. शेवटचा आकडा ११७.

ठेवायच्या आधी मामा आले, सोबत पिशवीत उरलेले न कापलेले पुठ्ठे आणि सुताची दोरी. म्हणाले, कार्डं दे, क्रमानं लावून बघतो. ज्या तुकड्यांवर नंबर होते ते पटापट लागले. बिननंबरी तुकडे त्यांनी कापलेली कड कडेला जुळवून ओळखले, चष्मा कपाळावर ढकलून, बोटांनी. शब्द शेजारी-शेजारी येत गेले ते मोराच्या हिशोबानं : ॲप्रिसिटीच्या खाली डॉर्ड, बँडिकूटला लागून एअरलूम. मध्येच विचारायचे, हे काय लिहिलंय? मी वाचून दाखवायची, ते मान डोलवायचे आणि पुढचा घ्यायचे.

दीड तासानं हात थांबला. एकशे अठ्ठ्याऐंशीचा अर्धा तुकडा नव्हता. डबा उलटा केला, कपाटाखाली बघितलं. शेवटी भाची अभ्यासाच्या टेबलावरून ओशाळून म्हणाली, कंपासपेटीत आहे, ओव्हरमॉरो लिहिलेला. परीक्षेला न्यायचाय.

मामांनी दोरीला तिथं सैलसर गाठ मारली, एका पुठ्ठ्याइतकी जागा सोडून.